वाठार नेमके कोणते, अप्पासाहेब नेमके कोणते? सातारा-सांगलीच्या कागदांतली सारखी नावे कशी सोडवावीत

घराण्याचा इतिहास, गावाची माहिती किंवा एखाद्या वाड्याचा मागोवा घ्यायला बसलेला नवखा माणूस पहिल्या आठवड्यातच अडतो तो मोडी लिपीपाशी नाही, नावांपाशी. मोडी दोन-तीन महिन्यांत हाताखाली येते. पण समोरच्या कागदातला ‘शाहू’ कोणता, ‘माहुली’ कुठली आणि ‘अप्पासाहेब’ म्हणजे कोण, हे लिपी वाचता आली म्हणून कळत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात ही अडचण जास्त जाणवते, कारण इथे छत्रपतींची गादी, पेशव्यांचा वावर, पटवर्धनांची संस्थाने आणि इंग्रजी जिल्हा हे सगळे एकावर एक बसले आहे. खालचा क्रम नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. तो शक्यतो बदलू नये. आधी गाव, मग सन, मग माणूस. बहुतेक जण उलटे जातात आणि फसतात.

आधी तक्ता आखा

वही चालेल, संगणकावरचा तक्ता असेल तर उत्तम. रकाने सात: नाव (कागदात आहे तसेच), वडिलांचे नाव, हुद्दा किंवा टोपणनाव, गाव त्याच्या शेपटासकट (नावामागे लागणाऱ्या ओळखीच्या शब्दासकट), गावाच्या वरची पायरी (तर्फ, संमत, परगणा, तालुका, संस्थान), कागदावरचा सन आणि त्यापुढे इसवी सन, शेवटी कागदाचा पत्ता, म्हणजे दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), पान. प्रत्येक उल्लेखाला स्वतंत्र ओळ द्या. एकाच माणसाचे वीस उल्लेख सापडले तरी वीस ओळी. ‘हा तोच दिसतोय’ म्हणून दोन ओळी एक केल्या की पुढे त्या सोडवणे फार जड जाते, कारण कोणती माहिती कोणत्या कागदातून आली हे तुमचे तुम्हालाच सांगता येत नाही.

पहिल्या रकान्यात शुद्धलेखन सुधारू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. कराड कधी ‘कऱ्हाड’, कधी ‘कराड’. वेलांटी तुम्ही लावली की कारकुनाने, हे नंतर ओळखू येत नाही.

गाव पक्के करा

वाठार घ्या. कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन आहे आणि वाठार किरोलीही आहे. फलटणकडे वाठार निंबाळकर, खंडाळ्यात वाठार बुद्रुक, कराड तालुक्यात हमरस्त्यावरचे वाठार, आणि त्याच रस्त्याने कोल्हापूरकडे पुढे गेलात की पेठ वडगावजवळ वाठार तर्फ वडगाव. शेवटची दोन एकाच पुणे-बंगळूर रस्त्यावर असल्याने आजही यष्टीत ‘एक वाठार द्या’ म्हटले की कंडक्टर मान वर करून बघतो. जुन्या कागदात मान वर करणारा कोणी नसतो, म्हणून गावाच्या मागचे शेपूट हाच खरा पत्ता.

शेपटांचे प्रकार ठरलेले आहेत. जवळचे मोठे गाव (किरोली), वतनदार घराणे (निंबाळकर), देव (कवठेमहांकाळचा महांकाळ), बुद्रुक-खुर्द, आणि जुन्या महसुली विभागाचे नाव, म्हणजे तर्फ किंवा संमत. कोरेगाव तालुक्यातच अंबवडे संमत कोरेगाव आणि अंबवडे संमत वाघोली अशी दोन अंबवडी आहेत. तालुका तोच, नाव तेच, फरक फक्त ‘संमत’ नंतरच्या शब्दात. हा शब्द उतरवून घेताना गाळला तर ती नोंद पुढे कामाची राहत नाही.

बुद्रुक-खुर्द कागदात ‘बु।।’ आणि ‘खु।।’ असे येतात. घाईच्या मोडीत ती दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसतात, म्हणून त्याच कागदात दुसऱ्यांदा गावाचे नाव आले असेल तर ते शोधून पडताळा. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे धाकटे हे खरे, पण नावे पडली तेव्हाचे ते माप आहे. आज कोणत्या गावात वस्ती जास्त यावरून ठरवायला जाल तर चुकाल. ‘ता।’ दिसले तर लगेच तालुका समजू नका, जुन्या कागदात ती तर्फही असते.

आता कवठे. कवठेमहांकाळ तालुक्याचे ठिकाण. कवठेएकंद तासगाव तालुक्यात, दसऱ्याच्या दारूकामासाठी सगळ्यांना ठाऊक. कवठेपिरान मिरज तालुक्यात, हिंदकेसरी मारुती माने यांचे गाव. वाई तालुक्यातले कवठे वेगळेच, ते किसन वीरांचे. स्वातंत्र्यलढ्याच्या एखाद्या आठवणीत ‘कवठ्याला बैठक झाली’ एवढेच असेल तर सांगणारा माणूस कोणत्या बाजूचा होता ते आधी बघायचे. वाईकडच्या माणसाच्या तोंडी शेपूट नसलेले कवठे म्हणजे बहुधा वाईचेच, तासगावकराच्या तोंडी एकंद. आपल्या जवळच्या गावाला कोणी शेपूट लावत नाही. हा नियम सगळीकडे उपयोगी पडतो.

जिल्ह्याबाहेरच्या जोड्या वेगळ्या लिहून ठेवा, कारण छापील पुस्तकांतली सूची इथेच घोळ घालते. माहुली म्हणजे साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांची. पण माहुलीचा किल्ला ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ आहे आणि १६३६ सालचा शहाजीराजांचा वेढा त्या माहुलीचा. खानापूर तालुक्यातही एक माहुली आहे. परळी म्हणजे सज्जनगडाच्या पायथ्याची, वैजनाथाची परळी बीडमध्ये. शिखर शिंगणापूर माण तालुक्यातले, शनि शिंगणापूर नेवाशाकडचे. औंध म्हणजे खटाव तालुक्यातले, पंतप्रतिनिधींचे आणि यमाईचे. पुण्याच्या औंधाशी त्याचा संबंध नाही. सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव खंडाळा तालुक्यातले आहे. नांदेडचे नायगाव, वसईचे नायगाव, मुंबईचे नायगाव ही सगळी निराळी.

कोरेगावाबद्दल दोन शब्द जास्त. १ जानेवारी १८१८ ची लढाई भीमेकाठच्या कोरेगावची, पुणे जिल्ह्यातली. सातारा जिल्ह्यातले कोरेगाव तालुक्याचे ठिकाण आहे आणि त्या लढाईशी त्याचा संबंध नाही. तरीही हा गोंधळ होतो, कारण त्याच मोहिमेत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह बाजीरावाच्या गोटात होते, त्यामुळे ‘सातारा’ आणि ‘कोरेगाव’ हे दोन शब्द एकाच पानावर येतात. पुढच्या महिन्यात, २० फेब्रुवारी १८१८ ला, बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. वाळवा तालुक्यातला आष्टा वेगळा. रोमन लिपीत लिहिलेल्या जुन्या कागदावरून काम करत असाल तर आष्टा की आष्टी हे स्पेलिंगवरून ठरवू नका. फौज आदल्या दिवशी कुठे होती आणि दुसऱ्या दिवशी कुठे पोचली, ते अंतर मोजा.

किल्ल्यांतही तेच. भैरवगड एक कोयनेच्या खोऱ्याकडचा, बाकीचे माळशेज आणि अकोले भागात. सदाशिवगड कराडजवळ आहे, कारवारजवळही आहे. उलटी अडचणही इथेच येते, एका जागेला अनेक नावे. साताऱ्याचा किल्ला म्हणजे अजिंक्यतारा, १७०० साली औरंगजेबाने घेतल्यावर तोच आझमतारा. परळीचा किल्ला, सज्जनगड आणि नवरसतारा हे तिन्ही एक. वासोटा म्हणजेच व्याघ्रगड. अशा नावांसाठी तक्त्यात ‘दुसरे नाव’ असा आठवा रकाना घातला तरी चालेल. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, तेव्हा पुढची दहा-वीस वर्षे दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागणार.

जिल्हा कोणत्या सालचा?

ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘सातारा जिल्ह्यात असे गावच नाही’ म्हणून हात टेकतात. जुन्या सातारा जिल्ह्यात वाळवा, खानापूर आणि तासगाव हे तालुकेही होते. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांची माहिती त्यामुळेच सापडते. १९४९ मध्ये हे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून यशवंतराव चव्हाणांचे देवराष्ट्रे आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र जुन्या कागदात सातारा जिल्ह्यात, आज सांगली जिल्ह्यात. साताऱ्याचे प्रतिसरकार म्हणतो त्याचे महत्त्वाचे केंद्र कुंडल, तेही आज सांगलीत, पलूस तालुक्यात. आणि तेव्हा ते ब्रिटिश सातारा जिल्ह्यातही नव्हते, औंध संस्थानात होते. किर्लोस्करवाडीचेही तसेच, १९१० साली कारखाना आला तो औंधाच्या हद्दीत.

संस्थान आले की आणखी जपून. ‘संस्थान सांगली’ आणि ‘जिल्हा सांगली’ यांच्या हद्दी जुळत नाहीत. सांगली संस्थानात मंगळवेढे होते, तेरदाळ होते, बेळगावला लागून असलेले शहापूर होते, शिरहट्टीही होती. तेव्हा ‘सांगलीचे मामलेदार’ शिरहट्टीचे निघाले तर चकित होऊ नका. मिरज तर दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन वेगळी संस्थाने, धाकट्या पातीची राजधानी बुधगावला. कागदात नुसते ‘संस्थान मिरज’ असेल तर सही-शिक्का पाहिल्याशिवाय पाती लिहू नका.

कामाची पद्धत अशी: गावापुढे दोन पत्ते लिहा, कागदाच्या सालचा आणि आजचा. आजच्या पत्त्यासाठी जनगणनेचा ग्रामसंकेतांक घ्यावा, कारण एका संकेतांकाची दोन गावे नसतात. पिन कोड घेऊ नका, तो टपाल कचेरीचा असतो आणि एकाच पिनखाली सारख्या नावाच्या वाड्या येऊ शकतात.

सन वाचा, मग माणसाकडे वळा

अठराव्या शतकातल्या मराठी कागदावर बहुतेक वेळा सुहूर सन असतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत. एककापासून सुरुवात होते आणि हजार शेवटी येतात. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहाचा अशर, वीसचा अशरीन, पुढे सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००.

उपयोग कसा होतो बघा. कागदात ‘बाजीराव’ एवढेच आहे आणि सन ‘समान सलासीन मया व अलफ’. आठ, तीस, शंभर, हजार, म्हणजे ११३८, इसवी १७३७-३८. हा थोरला बाजीराव. सन ‘समान तिसैन मया व अलफ’ असेल तर ११९८, इसवी १७९७-९८, हा दुसरा बाजीराव. दोन कागदांत फरक एका शब्दाचा आहे, आणि मध्ये साठ वर्षे गेली आहेत. नवख्यांची चूक नेमकी इथे होते: दशकाचा शब्द अंधुक असला की ते एकक आणि शतक जुळवून मोकळे होतात. दशक वाचता आले नाही तर सनाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह घाला, अंदाजाने आकडा भरू नका.

शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात, त्याच्या वर्षात १६७३ मिळवा, जानेवारीपासून ज्येष्ठापर्यंत १६७४. कागदावर तिथीबरोबर वार दिला असेल तर तो पंचांगाशी ताडून पाहा. वार जुळला तर सन बरोबर वाचल्याची चांगली खात्री पटते.

माणूस: बापाचे नाव धरून चला

आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत हेच सारख्या नावांचे मूळ. त्यामुळे सारखी नावे साधारण पन्नास वर्षांच्या अंतराने येतात, आणि मधल्या पिढीचे नाव हीच किल्ली ठरते. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा, थोरला. बाजीराव रघुनाथ म्हणजे राघोबाचा, दुसरा. माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण हीसुद्धा तशीच जोडी, दुसरा सवाई माधवराव. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन या तिघांत दोन पेशवे आणि तिसरे मेणवलीचे नाना फडणीस. साध्या रयतेच्या कागदात बापाच्या नावाआधी ‘बिन’ किंवा ‘वलद’ येते, बायकांच्या नावापुढे नवऱ्याचे नाव जोडताना ‘कोम’ येते. ही दोन-तीन अक्षरे वगळून नाव उतरवले तर पुन्हा मूळ कागदाकडे जावे लागते.

दत्तक गेले की बाप बदलतो, हे मात्र ध्यानात ठेवा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे, १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. सातारच्या दुसऱ्या शाहूंचेही तसेच, जन्मघराणे वावीच्या भोसल्यांचे, दत्तक सातारचे छत्रपती रामराजांना. दत्तकाच्या आधीचा आणि नंतरचा माणूस हा तक्त्यात दोन नावांनी येणार, तो एकच आहे हे दत्तकपत्रावरूनच जोडायचे.

शाहू तिघे आहेत असे धरून सुरुवात करा. पहिले सातारचे, राज्याभिषेक १७०८, मृत्यू १७४९. दुसरेही सातारचेच, १७७७ ते १८०८, प्रतापसिंहांचे वडील. तिसरे कोल्हापूरचे, १८९४ पासून १९२२ पर्यंत. सातारला शाहूपुरी आहे आणि कोल्हापूरलाही शाहूपुरी आहे, त्यांच्यामागचे शाहू वेगळे. त्यातून पहिल्या शाहूंचे मूळ नाव शिवाजी, आणि त्याच काळात ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजी. १७०७-०८ च्या आसपासच्या कागदात ‘शिवाजीराजे’ आले तर कागद कोणत्या बाजूने निघाला हे पाहिल्याशिवाय काहीही लिहू नका.

संभाजीही तिघे: शिवाजीराजांचे थोरले बंधू, छत्रपती संभाजी आणि कोल्हापूरचे संभाजी. १७३१ चा वारणेचा तह शाहू आणि संभाजी यांच्यात झाला, तो हा तिसरा. पहिल्या वाचनात ‘बाप-लेकांत तह कसा?’ असे वाटून नवखा थबकतो. दोघे चुलत भाऊ होते, एवढे कळले की तह समजतो.

राण्यांच्या नावांत हा गुंता सगळ्यात कमी ध्यानात येतो. सकवारबाई आणि सगुणाबाई ही नावे थोरल्या शिवाजीराजांच्या राण्यांत आहेत आणि नेमकी हीच दोन नावे सातारच्या शाहूंच्या राण्यांचीही. माहेरचे आडनाव सापडेपर्यंत ‘सकवारबाई’ ही ओळ मोकळी ठेवावी.

आता टोपणनावे. अप्पासाहेब, नानासाहेब, दादासाहेब, तात्यासाहेब ही घरातली हाक होती आणि प्रत्येक सरदारवाड्यात ती होती. या भागातला सगळ्यात फसवा कागद म्हणजे १८४० च्या दशकातला. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शहाजी उर्फ अप्पासाहेब (१८३९ ते १८४८) आणि सांगलीला चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब (मृत्यू १८५१). दोघे राजे, दोघे अप्पासाहेब, दोघांच्या दरबारी इंग्रजांचा पत्रव्यवहार. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केले ते सांगलीच्या अप्पासाहेबांच्या आश्रयाने. पुढे विसाव्या शतकात सांगलीला पुन्हा चिंतामणराव अप्पासाहेब आले, तेव्हा ‘सांगलीचे चिंतामणराव’ म्हणूनही भागत नाही, साल लागतेच. १८५७ च्या बंडातले नानासाहेब आणि पानिपताच्या वेळचे नानासाहेब यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, तरी सूचीत ते एका ओळीत बसलेले दिसतात. छापील सूचीवर विसंबू नका, पान उघडून बघा.

पदव्यांचेही तसेच. कर्मवीर म्हटले की आपल्याकडे भाऊराव पाटील, रयतचे. पण विठ्ठल रामजी शिंदेही कर्मवीरच. पाटील, कुलकर्णी, देशमुख हे जुन्या कागदात आडनाव असेलच असे नाही, बहुतेक वेळा तो हुद्दा असतो, आणि हुद्दा एका भावाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे ‘मौजे अमुकचा पाटील’ पाच वर्षांनी वेगळा माणूस असू शकतो.

दोन ओळी कधी जोडायच्या?

नाव आणि गाव जुळले एवढ्यावर जोडू नका. नावाशिवाय किमान दोन स्वतंत्र खुणा जुळल्या पाहिजेत, आणि त्या वेगळ्या कागदांतून आलेल्या हव्यात: बाप आणि गाव, किंवा गाव आणि शिक्का, किंवा बाप आणि हुद्दा. एकाच कागदाची नक्कल दोन दप्तरांत असेल तर तो पुरावा एकच धरावा.

मग वयाची चाळणी लावा. माणसाचा पहिला आणि शेवटचा उल्लेख यांत साठ वर्षांपेक्षा जास्त अंतर पडले तर दोन माणसे एक झाली असे आधी समजा आणि ती वेगळी करायचा प्रयत्न करा. बाप-लेकात पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर निघाले तरी तेच. वंशावळीत सलग तीन पिढ्या नीट बसल्या आणि चौथीत कोणी नव्वदाव्या वर्षी लढाईला गेलेला दिसला, तर तिथे आजोबा-नातू चिकटलेले असतात.

जोडल्यावर प्रत्येकाला ओळखचिठ्ठी द्या, उदाहरणार्थ ‘शाहू, सातारा, १७०८-४९’ किंवा ‘वाठार किरोली, ता. कोरेगाव’. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे शक्यतो टाळा. दुसरे शाहू सातारच्या मोजणीत वेगळे आणि कोल्हापूरच्या मोजणीत वेगळे पडतात.

काही नावे सुटणार नाहीत. त्यांच्यापुढे ‘अनिश्चित’ लिहा आणि कोणकोणत्या दोघा-तिघांपैकी असू शकेल ते नोंदवा: ‘माहुली, सातारा किंवा खानापूर, कागदात तर्फ नाही.’ गावच्या फलकासाठी किंवा स्मरणिकेसाठी कोणी घाईने मजकूर मागितला तर अनिश्चित ओळी त्यात देऊ नका. फलकावर एकदा चढलेले नाव पुढच्या लिहिणाऱ्यासाठी पुरावा होऊन बसते, आणि मग तो फलक तुमच्याच तक्त्यात नवीन ओळ म्हणून परत येतो.